पासवर्ड न विचारणारी डिस्क

लेक नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिचा कॉलेजातला कॉम्प्युटर लोधिवलीच्या घरी ठेवून गेली. त्यात विंडोजच्या जागी लिनक्स नावाची सिस्टीम आहे. आत दोन डिस्क, आणि दुसरीत माझ्या बायकोचा आवाज. ती लग्नघरी हळदीची गाणी म्हणायची. चौक गावापासून खालापुरापर्यंत तिला बोलावणं यायचं. लेकीने तिला पडवीत बसवून ती गाणी भरून घेतली होती. पुढे बायको गेली, गाणी राहिली.

पण ही दुसरी डिस्क उघडायला गेलं की दर वेळी पासवर्ड मागायची. मी जन्मभर टेंपो चालवला. इंग्रजी अक्षरं ओळखतो ती गाड्यांवरची तेवढी. म्हणून संध्याकाळी जेवण उरकलं की लेकीला फोन लावायचो. ती सांगायची, बाबा, नंबरप्लेटवरचा एच दाबा, आता ट्रकच्या मागच्या ओकेमधला के. मी चुकायचो, ती हसायची. मधेच जेवलात काय, गुडघा कसा आहे, नळाला पाणी आलं काय, हे निघायचं. कागदावर लिहून ठेवा म्हणाली. मी म्हटलं, घराची किल्ली कोण बाहेरच्या भिंतीला टांगतं?

वर रोज ऐकवायचो, माझ्या घरात माझीच डिस्क मला तू कोण विचारते, ही काय रीत झाली? तिला ते खरंच वाटलं. गणपतीला आली तेव्हा मशीनसमोर बसली. ही डिस्क आत बसवलेली आहे, पेनड्राईव्हसारखी काढघालीची नाही, म्हणून मशीनच्या मालकाचा पासवर्ड मागते, म्हणाली. मग डिस्कच्या सेटिंगमध्ये जाऊन, कॉम्प्युटर चालू होतानाच हिला जोडून घ्यायचं, असं लावून दिलं. बंद करून परत चालू केला. डिस्क गपगुमान उघडली.

"आता कुणाची गरज नाय तुमाला," ती म्हणाली.

बरं झालं, म्हटलं.

मी बिनकामाचा फोन कधी कुणाला केला नाही. लेकीलाही करणार नाही. आता बटण दाबतो, गाणं लागतं, संपतं. मग जुन्या हायवेवरचे ट्रक ऐकू येतात.

परवा तिचाच फोन आला. "बाबा, डिस्क उघडते ना?"

नाही म्हटलं असतं तर बराच वेळ बोलली असती. पण खोटं बोलायची सवय नाही. "उघडते," म्हटलं.

"विचारते काय?"

"नाय गं. काय पण विचारत नाय."

मागे गाणं चालूच होतं. "आई हाय ना ती?" ती म्हणाली. "फोन जवळ धरा जरा."

मी फोन कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ धरला, पार हात भरून येईपर्यंत. गाणं संपल्यावर कानाला लावला तर कटलेला. तिने ठेवला की रेंज गेली, कळलं नाही.

मी परत लावला नाही. फोन समोर ठेवून बसलो. वाजला तर ऐकू यावा म्हणून पुढचं गाणं लावलं नाही.