कुंपणावरचं जाळं

घरात मयत असताना कुंपणावर जाळं वाळत घालायचं नाही, असा आमच्या खाडीतला रिवाज. माणूस मातीत गेला की मग. माझ्या वडिलांना पुरून आल्यानंतरही मात्र आमच्या कुंपणावर जाळं चढलं नाही.

न्यूफाउंडलंडच्या त्या उत्तर किनाऱ्यावर वडील आणि त्यांचे थोरले भाऊ अझारियाकाका यांचं मिळून एकच मोठं जाळं होतं. कॉड मासा कोंडायचं, सुती, खोलीएवढं: चार भिंती, तळ आणि एक दार. उन्हाळ्यात त्यात जे येई त्यावर दोन्ही घरं वर्षभर जेवत. दुसरं विणायचं तर दोन हिवाळे जात.

जाळं हिवाळ्यासाठी ठेवावं तर काकांनीच. आधी गोड्या पाण्यात मीठ धुऊन काढत. मग स्प्रूस झाडाची साल आणि डांबर उकळून त्यात बुडवत, आठ दिवस कुंपणावर वाळवत आणि शेवटी माळ्यावर तुळईला टांगत, उंदरांची उडी पोचणार नाही एवढ्या उंच. टांगण्याआधी एकेक गाठ ओठांना लावून बघत. "ओल हाताला फसवते," म्हणत, "ओठांना नाही."

त्या वर्षी मासा उशिरा आला, म्हणून ऑक्टोबर उजाडला तरी जाळं पाण्यात होतं. ते काढताना वडिलांचा पाय दोरात गुंतला. काकांनी जाळं ओढलं तेव्हा वडील त्यातच वर आले.

पुरून आल्यावर काका जाळं घेऊन कुंपणापाशी आले. आई दारात उभी राहिली.

"भावजी, ते माझ्या डोळ्यांसमोर नको."

"ट्रायफीना, ओलं आहे गं ते. आठ दिवसांचा प्रश्न आहे."

"एक दिवससुद्धा नको. एवढं एक ऐका माझं."

खाडीतलं प्रत्येक कुंपण आमच्या खिडकीतून दिसे. काकांनी जाळं तसंच उचललं आणि माळ्यावर नेलं. आईचं दुःख जरा निवलं की बाहेर काढू, असं त्यांनी ठरवलं असावं. पण दुसऱ्या दिवशी धुकं उतरलं ते तीन आठवडे हललं नाही. आणि मग थंडी पडली.

काका रोज माळ्यावर जात, ढीग उलटापालटा करत. शेजारचा एलिओल खालून ओरडे, "अझारिया, अंडी घातलीत का रे जाळ्यानं? रोज उबवायला बसतोस!"

"तुझ्या डोक्यापेक्षा लवकर फुटतील," काका वरून म्हणत. पण हसत नसत.

थंडी नुकतीच सुरू झाली होती तेव्हा मी त्यांना काकवीचा चहा द्यायला वर गेले. त्यांनी माझा हात धरून ढिगाच्या पोटात घातला. बाहेर खिडकीवर बर्फ होता आणि आत जाळं गायीच्या कुशीसारखं गरम होतं. मला गंमत वाटली; ओलं सूत कुजू लागलं की असं तापतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. काकांनी माझा हात आपल्या स्वेटरला पुसला.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला. काकांनी एक धागा दोन बोटांत धरून ओढला. तो तुटला, पण आवाज झाला नाही. दुसराही तसाच. आई कधी जिना चढून आली होती ते आम्हाला कळलं नव्हतं.

"मीठ नीट धुतलं नाही मी," काका तिच्याकडे न बघता म्हणाले. "म्हातारा झालो."

"भावजी, तुम्ही मीठ धुवायला विसराल?"

"विसरलो म्हणतोय ना!"

आईनं सडका भाग आपल्याकडे ओढला आणि एकेक दोर सोडवायला बसली.

त्या उन्हाळ्यात काकांनी गळावर जेवढे मिळाले तेवढे मासे धरले. पुढच्या हिवाळ्यात सुका पाव चहात बुडवून खायचा, आणि काकवी संपल्यावर नुसत्या पाण्यात. मार्चमध्ये माझा धाकटा भाऊ गेला. छातीत कफ झाला, असं सगळे म्हणाले. त्याची शवपेटी काकांनी बनवली, त्याच माळ्यावर बसून. कोणी जाळ्याचं नाव काढलं नाही. दोन हिवाळे आई आणि काका चुलीच्या दोन बाजूंना बसून नवं जाळं विणत राहिले. सुया चालायच्या, तोंडं नाही.

त्यानंतर सात वर्षांनी, सप्टेंबरात, काका झोपेत गेले. जाळं आदल्याच दिवशी पाण्यातून काढलं होतं. काकांची पेटी आमच्या टेबलावर होती. आईनं काळा पोशाख घातला आणि मला म्हणाली, "एक टोक धर."

आम्ही जाळं कुंपणावर पसरू लागलो. एलिओल धापा टाकत चढ चढून आला.

"ट्रायफीना, घरात मयत आहे!"

"माहीत आहे मला."

"अगं, लोक काय म्हणतील?"

आईनं एक गाठ उचलून ओठांना लावली.

"ओलं आहे," ती म्हणाली आणि पुढचा पदर सोडवू लागली.