मावशींच्या मशीनची ठकठक

मिस्त्री मशीन उघडण्याआधी झाकणाला कान लावतो. काढलेले स्क्रू शर्टाच्या खिशात टाकतो. मग घरी कपडे धुताना बायको त्याच्या नावानं खडे फोडते. चहा येईपर्यंत दोन बोटांनी टेबल वाजवतो. काहीही विचारा, "बघू" म्हणतो. आणि ओली जाड चादर घालून फिरवून पाहिल्याशिवाय कुणाचं वॉशिंग मशीन परत देत नाही.

या शेवटच्या सवयीनंच सगळा घोळ केला.

संध्याकाळी दुकानाचं शटर खाली ओढलं की तिथं बँड जमायचा. मिस्त्री ड्रमवर, धाकटी बहीण गायला, तिचा नवरा गिटारवर. त्यांचं रॉक ऐकायला फार तर नातेवाईक यायचे, तेही जेवणाच्या आशेनं. एकदा नवं गाणं रेकॉर्ड केलं. ऐकून पाहिलं तर मागे ठक-ठक. जरा थांबून पुन्हा ठक. कोपऱ्यात समोरच्या मावशींचं मशीन चादर पोटात घेऊन फिरत होतं. ते बंद करायला मिस्त्रीच विसरला होता.

"पुसून टाक," तो म्हणाला.

"अजिबात नाही, दादा. इतकं चांगलं मी पुन्हा गाणार नाही."

गाणं तसंच इंटरनेटवर टाकलं. आणि ते जे सुटलं! रेडिओवर, सलूनमध्ये, शाळेच्या बाकांवर. लोक शब्द विसरले, ठकठक नाही. एका समीक्षकानं लिहिलं, हा ठोका म्हणजे आजच्या माणसाचं एकाकीपण. मिस्त्रीनं ते दोनदा वाचलं. त्याच्या मते ती सैल स्प्रिंग होती.

मग मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला, आणि पंचाईत झाली. नवी स्प्रिंग आली होती. ती बसवली की ठकठक गेली. नाही बसवली तर मावशी बादलीशी झुंजत राहणार. मिस्त्रीनं टेबल ठोकलं, पत्रा ठोकला. तो आवाज काही येईना.

कार्यक्रमाच्या सकाळी मावशी दुकानात हजर.

"काय रे, मशीनचं बाळंतपण चाललंय का?"

"मावशी, पार्ट यायचाय..."

"तुझ्या खिशातून डोकावतोय तो कोण?"

मिस्त्रीनं सगळं सांगून टाकलं. मावशी मटकन खुर्चीत बसल्या.

"म्हणजे माझी सून दिवसभर वाजवते, ती ठकठक माझी?"

"तुमचीच."

"आणि मी तिला म्हणते, बंद कर ती कटकट!" मावशी हसत सुटल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "मशीन ने. पण बटण मी दाबणार. आणि चादर माझीच हवी."

संध्याकाळी मावशींनी मंचावर बटण दाबलं. मशीन निवांत पाणी भरत बसलं. सभागृहात चुळबुळ सुरू झाली.

"जरा धीर धरा," मावशींनी माइकवर दम भरला. "ते आधी पाणी पितं."

सभागृह हसून लोळलं. मग ठक-ठक. ठक. बहिणीनं सूर लावला आणि सगळ्या मांड्यांवर तोच ठेका पडला. मिस्त्रीच्या काठ्या हवेतच राहिल्या. त्याला खरंच वाटेना.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवी स्प्रिंग बसवायला घेतली. मशीनचा मागचा पत्रा काढला. तेवढ्यात मावशी आल्या.

"थांब! शेजारच्या शहरातून बोलावणं आलंय ना? सुनेनं सांगितलं."

"मग तुमचे कपडे?"

"तुझ्या घरचं मशीन माझ्याकडे पाठव."

"बघू," मिस्त्री म्हणाला. मनात बायकोला काय सांगायचं ते जुळवू लागला.

पत्रा अजून भिंतीला टेकून उभा आहे. नवी स्प्रिंग खिशात, स्क्रूंच्या सोबतीला.