किल्ल्याचा तिसरा भाग

सोलापुरात सात रस्त्यापासून दोन गल्ल्या आत सलीमभाईचं व्हिडिओ गेम पार्लर आहे. तिथं किस्से धुळीसारखे साचतात. एक पुसला की खालून दोन निघतात. मी खोटं एकही सांगत नाही. फार तर थोडं ताणतो.

पोरं आता तिकडं फिरकत नाहीत, मोबाइलवर खेळतात. रविवारी सकाळी जमतो आम्ही पन्नाशीतले चौघं: मालक सलीमभाई, चादरींचे लूम चालवणारा अंबादास, बार्शीहून एसटीनं येणारे देशमुख सर आणि मी. काम एकच. कुठली गेमची मालिका बंद व्हावी आणि कुठली परत यावी, याचा निकाल लावायचा! कंपन्यांना आमचा पत्ता अजून सापडलेला नाही, एवढंच.

*

पहिला निकाल फुटबॉलच्या गेमचा. दरवर्षी नवा भाग! अंबादासनं सीडीचं कव्हर उलटसुलट बघितलं.

"ह्यात नवीन काय हाय?"

"जर्सीचा रंग," मी म्हणालो.

"मंग आमी बी तेच करतो की! हिरवी झाली की लाल. पण गिऱ्हाइकाला 'चादर भाग बावीस' म्हणून न्हाय विकत!"

मालिका बंद. एकमतानं!

*

मग आली मुडद्यांची मालिका. सर चष्मा पुसत म्हणाले, "मेलेली माणसं उठतात, मान्य. पण अकराव्या भागात तीच माणसं तिसऱ्यांदा उठतात! माझ्या वर्गात जिवंत पोरं एकदाही उठत नाहीत!"

आपल्याकडं कुणी रिटायर झालं की करतात, तसा आम्ही त्या सीडीचा सत्कार ठेवला. टॉवेल अंबादासचा, नारळ माझा, भाषण सरांचं. अंबादासनं टेबलाच्या कडेवर नारळ फोडला आणि सगळं पाणी गेमच्या मशीनमध्ये!

सलीमभाई ओरडला, "अरे, सीडीला रिटायर करायचं होतं, माझ्या मशीनला न्हाय!"

आठ दिवस सोलापूरच्या उन्हात वाळवल्यावर मशीन सुरू झालं. तेव्हापासून त्यातल्या मोटारी जरा चिकट पळतात.

*

परत याव्यात अशा मालिकांत मात्र पहिलं नाव ठरलेलं: सलीमभाईचा लाडका किल्ल्याचा गेम. दुसऱ्या भागात शिपाई सगळे पहारेकरी लोळवून किल्ल्याच्या मोठ्या दरवाजापाशी पोचतो, आणि गेम संपतो! तिसरा भाग आलाच नाही. आत काय असेल, या विचारात सलीमभाईनं पंचवीस वर्षं काढली. लेक नाजनीन जन्मली तेव्हा दवाखान्यात भाभी म्हणाल्या होत्या, "आधी पोरगी बघा, दरवाजा नंतर!"

मागच्या महिन्यात तीच नाजनीन धावत आली. "अब्बा, तिसरा भाग आला! मोबाइलवर!"

सरांनी परतीची एसटी सोडून दिली. अंबादासनं लूमवर फोन करून सांगितलं, "आज मी येत न्हाय." सलीमभाईनं हात धुतले, टोपी नीट केली आणि मोबाइल घेतला. शिपाई चालत चालत दरवाजापाशी गेला. आम्ही श्वास रोखून बघत होतो.

स्क्रीनवर पाटी आली: 'दरवाजा उघडण्यासाठी तीस सेकंदांची जाहिरात पाहा.'

"दाबा की!" अंबादास ओरडला.

सलीमभाईनं शांतपणे मोबाइल लेकीच्या हातात दिला आणि चहा सांगायला उठला.

"तीस सेकंद? इत्ता टाइम कुनाकडं हाय रे!"