उजवी पाकळी

पुण्याची बाई पहिल्यांदा आमच्या बल्कांवात, म्हणजे पुढच्या दाराच्या ओट्यावर, येऊन बसली, तेव्हा सासूबाईंना वाटलं कुटुंब नियोजनवाली आली. "तिका सांग, ह्या घरात आता कोणाक काय होवचां नाय," असं मला बजावून त्या तरातरा आत गेल्या. बाईला हसू आवरेना. ती विद्यापीठातली, मानववंशशास्त्र शिकवणारी. आमच्या भागातल्या चालीरीती बघायला आली होती आणि महिनाभर राहायला तिला घर हवं होतं. शाळेच्या हेडमास्तरांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं. सासरे देवस्थानाचे मानकरी, पाहुण्याला नको म्हणणं त्यांना शोभलं नसतं. बाईचं शास्त्र मी सासूबाईंना जमेल तसं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "माणसांचा शास्त्र? मगे ढोरांचा कोण बघता?"

मी मूळची सावंतवाडीकडची. लग्न करून इकडे गोव्यात, मयेला आले ती शिक्षिकेचा कोर्स पुरा करून. मुक्तीनंतर गोव्यात गावोगाव मराठी शाळा निघाल्या होत्या आणि शिकवायला माणसं मिळत नव्हती. माझ्या वडिलांनी स्थळ पसंत केलं तेच मुळी, 'तिकडे नोकरी लगेच लागेल' म्हणून. लागणारही होती. पलीकडच्या वाड्यावरच्या शाळेत जागा होती. पण सासरे म्हणाले, घरात नवीन काही करायचं तर देवीला विचारल्याशिवाय करत नाहीत. देवीला विचारलं. देवी नाही म्हणाली. ती जागा गेली. मग मुलगी झाली, मग तिचं करण्यात दिवस गेले, आणि मी रांधपघरात अशी काही रुतून बसले की अंकलिपीचं पान दिसलं तरी डोळे भरून यायचे. चिडायचं तरी कोणावर? देवीवर?

ही बाई महिनाभर आमच्याकडे राहिली आणि तिने काय केलं म्हणाल, तर नुसतं बघितलं. सासूबाईंचं बोलणं तिला पुरतं कळायचं नाही, म्हणून मधे मी. आणि प्रश्न तरी कसले! जेवायला आधी कोण बसतं? उरलेलं कोण खातं? विहिरीकडच्या दारानं कोण जातं, पुढच्या दारानं कोण? मला वाटायचं, हिला काही कामधंदा नाही. एकदा तिने सहज विचारलं, "तुम्ही बल्कांवात कधी बसता?" मी म्हटलं, बसते की. आणि मग आठवायला लागले. पोदेर पाव घेऊन यायचा तेव्हा मी बल्कांवात यायची, पाव घ्यायची आणि आत जायची. पाहुण्यांना चहा द्यायला यायची. केर काढायला यायची. बसले मात्र कधीच नव्हते. रस्ता मी बघायची तो आतल्या जनेलातून, आणि त्याच्या काचेवर शिरगावकडून येणाऱ्या खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ इतकी बसलेली असायची की रोज पुसावी लागे. कोणी मला बसू नको म्हणून सांगितलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मला ते घर दिसायला लागलं, आणि माझा जीव गुदमरायला लागला. आधी बरी होते की मी.

मग एकदा भाजी चिरता चिरता मी तिला नोकरीची गोष्ट सांगितली. कौल कसा लावतात तेही सांगितलं. गुरव ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला चिकटवतो, मोठ्याने गाऱ्हाणं घालतो आणि उभे असलेले सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या वेळी डावी पडली."

"नाही, उजवी पडली."

"मग नकार कसा?"

मी विळीवरून उठले. गाऱ्हाणं मला शब्द न् शब्द पाठ होतं. गुरव म्हणाला होता, आई, ह्या घराचा संसार सुरळीत चालला आहे, तो असाच चालू दे, सगळी माणसं उंबऱ्याच्या आत सुखात राहू देत, हे तुला मान्य असेल तर उजवी दे. पाकळी पडली, आणि घरी येताना सासरे म्हणाले, झालं, देवीला नोकरी मान्य नाही. नोकरीचं नाव त्या गाऱ्हाण्यात नव्हतंच! आणि त्या गाऱ्हाण्याला पदर डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या मागून "होय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत मीही होते.

बाई हळूच म्हणाली, "उत्तर कोण देतं हे सगळे सांगतात. मी प्रश्न कोण घालतं ते बघते." तिला असं बोलायला काय जात होतं! माझ्या अंगाची लाहीलाही झाली होती. पण खरं सांगायचं तर सासऱ्यांनी मला फसवलं असंही म्हणवेना. त्यांना तो प्रश्न तसाच सुचला होता. घर जसं आहे तसं राहू दे, याच्यापलीकडे देवीकडे काय मागायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

योगायोग असा, की बाईला कौल प्रत्यक्ष बघायचा होता. सासऱ्यांना तर हौसच. पण कौलाला प्रश्न हवा. घरात कोणी आजारी नव्हतं, जमिनीचा तंटा नव्हता. सगळे बल्कांवात बसलेले, मी चहा घेऊन बाहेर आलेली. पलीकडच्या शाळेतली जागा पुन्हा रिकामी झाल्याचं हेडमास्तर दोन दिवसांपूर्वीच सांगून गेले होते आणि येत्या सोमवारी डिचोलीला मुलाखत होती. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "माझंच विचारा की." सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू! आमचे हे उठून पायात चपला शोधायला लागले. सासऱ्यांनी एकदा बाईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "विचारूया."

देवळात गुरवाने नेहमीसारखी सुरुवात केली, तशी मी पुढे झाले. म्हटलं, "काका, असं विचारा. सून शाळेत शिकवायला गेली तर तुला चालेल का? चालत असेल तर उजवी दे." गुरवाने सासऱ्यांकडे बघितलं. ते समोर बघत राहिले. गुरवाने माझे शब्द माझ्यासारखेच म्हटले. "होय म्हाराजा" म्हणायची वेळ आली तेव्हा मी एकटीच मोठ्याने म्हणाले, बाकीच्यांचं मागाहून पुटपुटल्यासारखं आलं. पाकळ्या कितीतरी वेळ हलेनात. मग उजवी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

मला रडू फुटलं. बाईने माझा हात घट्ट धरला. तिलाही फार आनंद झाला होता. दुसऱ्याच दिवशी ती पेडण्याला पुढच्या कामाला निघून गेली, बसच्या खिडकीतून मला हात करत.

घरी मात्र कोणी त्यावर बोलेना. मी सासूबाईंना विचारलं, "मांय, मी सोमवारी जाऊ ना?" त्या म्हणाल्या, "माका कित्याक इचारतंस? देवीन सांगल्यान मां?" ह्यांना विचारलं, तर तेही तेच म्हणाले, देवीनं दिलंय ना, मग मला कशाला विचारतेस. सासरे तर मला बघून पेपर वर धरायचे. पहिल्या खेपेला देवी नाही म्हणाली होती, तेव्हा सगळे किती बोलत होते! समजूत घालत होते, नशिबाच्या गोष्टी सांगत होते. आता देवीने हो म्हटलं आणि सगळ्यांची दातखीळ बसली.

सोमवारी मी लवकर न्हाऊन इस्त्रीची साडी नेसले. स्वयंपाकघरात गेले तर चूल थंड. सासूबाई देवघरासमोर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्या वेळी त्या कधीच जपाला बसत नसत. हे खाणीच्या कचेरीत जायचा शर्ट घालून मेजाशी बसले होते, डब्याची वाट बघत. सासरे पाटावर. मुलगी माझ्या साडीला धरून भूक भूक करत होती. कोणी अक्षर बोललं नाही. कोणी मला थांब म्हणालं असतं तर मी भांडले असते हो, अगदी पाय आपटून भांडले असते. वळणावर डिचोलीच्या बसचा हॉर्न ऐकू आला. मी सासूबाईंच्या पाठीकडे बघितलं. माळेचा एक मणी पुढे सरकला, मग दुसरा. मी पदर खोचला, चुलीत लाकडं घातली आणि तांदूळ धुवायला घेतले.

भाताला आधण येईपर्यंत सासूबाईंचा जप आटोपला. "हिका आज जावचां नाय वाटता," त्या सासऱ्यांना म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. सासरे म्हणाले, "असूं दे, असूं दे. तिची मर्जी."

ती जागा म्हापशाकडच्या एका मुलीला मिळाली.

माझी मुलगी आता स्वतः कॉलेजात शिकवते. मागच्या चतुर्थीला सगळे जमलो होतो, तेव्हा तिच्या मुलाने विचारलं, आजी, तू नोकरी का नाही केलीस? मी तोंड उघडायच्या आधी मुलगीच म्हणाली, "अरे, तिला तर देवीनं कौल दिला होता. तुझी पणजी नेहमी सांगायची. घरात कोणी नको म्हटलं नव्हतं. हिचंच मन झालं नाही." मग माझ्याकडे वळून, जरा रागानेच, "खरंच गं आई, का गेली नाहीस तू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कोण मला काय म्हणालं होतं, ते मी आठवायला लागले. कोणी काहीच म्हणालं नव्हतं.