भरतीची वाट

आईने जेवण सोडलं त्या उन्हाळ्यात मी देवीपुढे दिवा लावत होते, तो केवळ सवयीने. आई रायगडकडच्या एका खाडीकाठची कोळीण. सारा जन्म तिथे मासळी विकण्यात गेला. पुढे खाडी गाळाने भरली, मिठागरं ओस पडली, पलीकडच्या काठाला नेणारी होडी बंद झाली आणि घरोघरची माणसं पांगली. भावानेही मुंबई गाठल्यावर मी तिला नगरकडे कोल्हारला माझ्या सासरी आणलं. आमच्याकडे सगळे माळकरी, मासळी घरात चालत नाही, खाडीच्या गोष्टी मात्र सगळ्यांना चालत. कोणत्या वळणावर कोणत्या घराचं जाळं लागे, कुठे बांध फुटून भातात खारं पाणी शिरलं, सगळं आईच्या तोंडी होतं.

मग आजारपणात तिचं मन मागे गेलं. तिच्या लेखी रोजच नारळी पौर्णिमा उजाडू लागली. त्यांच्या घरात थोरल्या बाईने खाडीला नारळ दिल्याशिवाय अन्नाला शिवायचं नसतं, आणि नारळ द्यायचा तो भरतीलाच. आई तोंड मिटून बसे. मी घंगाळात पाणी भरून त्यात नारळ सोडून पाहिला. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच माझं हसू आलं. डॉक्टर म्हणाले, आता नाकातून नळी घालावी लागेल. त्या संध्याकाळी मी देवीला म्हटलं, तीही तुझीच लेक आहे, तूच बघ आता. माझ्याच्याने काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या रिक्षातून मी आणि माझे यजमान तिला प्रवरा नदीवर घेऊन गेलो. नदी कोरडी ठणठणीत. उन्हाळ्यात दुसरं काय असणार, पण घाईत ते आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. पात्रातल्या एका डबक्यापाशी तिला घरून नेलेल्या खुर्चीवर बसवलं आणि हातात नारळ दिला. तिने तो मांडीवर ठेवला.

“व्होटीला नारल देत नाय,” ती म्हणाली. “भरती येवदे.”

माझा धीर सुटला. कोरड्या नदीला कसली आलीय भरती.

जवळच एक अनोळखी शेतकरी आपली पाण्याची मोटार पात्रातून काठावर ओढत होता. त्याने चौकशी केली, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. तो हसला नाही. यजमानांच्या मदतीने त्याने आईला खुर्चीसकट उचलून काठावर आणलं.

“बसा घटकाभर, ताई,” तो म्हणाला. “धरनातून पानी सोडलंय, म्हनून तर मोटार काढतोय. येईलच आता.”

आम्ही बसलो. बऱ्याच वेळाने वरच्या वळणावरून पाणी दिसलं. काडीकचरा पुढे ढकलत ते वाळूवरून सरकत आलं, मागोमाग मातकट, फेसाळ लोट आला आणि डबकी त्यात बुडून गेली. आईची पाठ ताठ झाली. पाणी पार काठाला लागेपर्यंत ती थांबली, मग पदर डोक्यावर घेतला आणि काहीतरी पुटपुटत नारळ सोडला. शेतकऱ्याने फडक्याची गाठ सोडून आपली भाकरी तिच्यापुढे धरली. तिने तुकडा मोडला आणि चावता चावता माझ्याकडे वळली.

“तू जेवलीस का गो?”

मला हे कित्येक दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. त्या परक्या माणसासमोर मी लहान पोरीसारखी रडले.

पाणी सुटणार असल्याची बातमी पेपरात आली होती, हे घरी आल्यावर कळलं. दीर म्हणाले, मग यात देवीचं काय? पेपर मी वाचला नव्हता, आणि आईने तर नाहीच नाही. माझी नुसती धावपळ चालली होती, आई मात्र पाणी येणारच या भरवशावर बसून होती. पावसाळा संपता संपता ती गेली, पण शेवटपर्यंत दोन घास खाऊन. आता काही अडलं, की मी हात जोडते आणि गप्प बसून राहायचा प्रयत्न करते. ते मला अजून नीट जमत नाही. देवीला हे ठाऊक आहे, आणि तरीही ती येते.