दाराबाहेरच्या चपला

माझ्या दाराबाहेर पुरुषाच्या चपलांचा एक जोड असतो. त्या घालणारे गेले त्याला तीन वर्षं झाली. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत हे वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण एकट्या बाईने यजमानांच्या चपला दाराशी ठेवाव्यात, चोराचिलटाला वचक बसतो, असं शेजारणीने सांगितलं आणि मी ऐकलं. दर रविवारी त्या पुसते. धूळ बसली तर चोरालाही कळायचं!

वरच्या मजल्यावर दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहणारी एक मुलगी सिनेमाचं शिकते. तिला झपाटलेल्या घरावर छोटा सिनेमा करायचा होता आणि त्यासाठी माझा फ्लॅट हवा होता.

"माझाच का गं?"

"खूप शांत असतो ना काकू."

खरं बोलणाऱ्यावर रागावता येत नाही. मी हो म्हणाले, कारण दोन दिवस घरात माणसं असणार होती.

हौसेने मी जळमटं काढली, पडदे धुतले, पोहे भिजवले. शेजारीण म्हणाली, "भुताच्या घराला कसली साफसफाई?" मलाही वाटलं, मुलगी आता नाराज होणार. पण ती खूशच झाली.

"जळमटांना कोणी घाबरत नाही, काकू. घर राहतं दिसायला हवं. आधी ते बघणाऱ्याला पाठ करून द्यायचं. कप कुठे असतो, खुर्ची कुठे असते. मग फक्त एकच वस्तू हलवायची. भूत दाखवायचंच नाही. आपल्याशिवाय इथे कुणीतरी आहे एवढं वाटलं, की माणूस गार पडतो."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाई गं, तू तिघींत राहतेस. सकाळी ठेवलेला कप संध्याकाळी तिथेच सापडतो, याची भीती तुला कशी कळावी?

दोन्ही दुपारी तिने आणि तिच्या वर्गातल्या मुलांनी पडदे ओढून रात्र केली. मला स्वयंपाकघरात बसवलं, आवाज करायचा नाही या अटीवर. त्याची सवय होतीच. अधूनमधून त्यांचं हसणं ऐकू यायचं आणि मी उगाचच आणखी चहा टाकायचे. ती मंडळी गेली तेव्हा घर होतं तसं लावून गेली, आणि मला फार वाईट वाटलं.

सिनेमा त्यांच्या कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला. ती मुलगी माझ्या शेजारी बसली होती. पडद्यावर माझं दार, बाहेर चपला. थोड्या वेळाने पुन्हा दार, पुन्हा चपला. मग सिनेमातली बाई आतून कडी लावते, दिवा मालवते, झोपते. पाणी प्यायला उठते तर कडी तशीच, आणि चपला आत. दिवाणापाशी, एक जराशी वाकडी, दमून आलेला माणूस काढतो तशा.

अख्खा हॉल किंचाळला.

माझ्या तोंडून निघालं, "आलात?"

मनातल्या मनात म्हटलं असं वाटलं होतं. पण मुलीने चमकून माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझा हात धरला.

दिवे लागले. सगळे टाळ्या वाजवत होते. आता घरी जायचं होतं, आणि चपला बाहेरच असणार होत्या.