दोनदा ऐकलेला धडा

मुलीच्या शाळेतून काल एक कागद सहीला आला. वाचताना अडखळणाऱ्या मुलांची तपासणी होणार आहे. सही करताना मला माझी मोठी बहीण, राबियाआपा, आठवली.

वाशीजवळच्या आमच्या गावात ती तिसरीत दुसऱ्यांदा बसली होती, म्हणून आम्ही एकाच वर्गात होतो. वाचताना तिची अक्षरं मागंपुढं व्हायची. अब्बा म्हणायचे, "घरात उर्दू, शाळेत मराठी. पोरगी उजवीकडून वाचणारच." पण त्याच घरातला मी नीट वाचत होतो, आणि आपाला तर उर्दूचं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. यंदा नापास झाली तर शाळा बंद, असं ठरलं होतं.

परीक्षेला तालुक्याचे साहेब आले. आपानं पुस्तक धरून अख्खा धडा न चुकता म्हटला. साहेबांनी पान उलटलं. "आता हे वाच, बेटी."

तिचं बोट पहिल्याच शब्दावर अडलं.

"तो धडा कुणी वाचून दाखवला?"

तिनं माझ्याकडं बोट केलं.

"किती वेळा रे?"

"दोनदा, साहेब."

साहेब गुरुजींकडं वळले. "दोनदा ऐकून धडा पाठ! ही ढ न्हाय, गुरुजी. चौथीत घ्या. आणि तू हिला रोज वाचून दाखवायचं."

तेव्हा वाटलं, चोरी पकडली जाऊनही आम्ही सुटलो. आज वाटतं, तिची खरी परीक्षा त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी घेतली.

घरी जाताना आपा म्हणाली, "उद्यापासून जरा मोठ्यानं वाच. लई पुटपुटतोस."